चार मार्कर, एक ब्लॉक : राजारामपुरीतल्या लॅबचा अनुभव

रेटिंग आधीच सांगून टाकतो : पाचपैकी चार तारे. चारही तारे आत मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना. पाचवा कापलाय तो बाहेरच्या काउंटरमुळं, त्याचा हिशेब खाली देतोय.

साखर, थायरॉइड, लिपिड करून घेणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नव्हे. त्यासाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्लोगल्ली लॅब आहेत. घरात कुणाच्या मोठ्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, हिस्टोपॅथॉलॉजीच्या (तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून दिलेल्या) रिपोर्टवर 'अॅडेनोकार्सिनोमा', म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, आलंय आणि सर्जननी चिठ्ठीवर 'एमएमआर आयएचसी' (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत आहेत का, हे रंगवून बघायची तपासणी) असं खरडून दिलंय, अशांनी वाचावं. आम्हाला ती चिठ्ठी मिळाली तेव्हा घरातल्या कुणालाच ती कशाची आहे हे कळेना. मेडिकलवाल्यानं तर औषध समजून कपाटात शोधायला सुरुवात केली होती.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. पंपाची, व्हॉल्व्हची कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-बोरिंग करून देतो. त्यामुळं ही तपासणी मला पटली ती धंद्याच्या अंगानं. एफजी २६० आणि एसजी आयर्न ५००/७, दोन्ही बिडंच. रंग मारून शेजारी शेजारी ठेवली तर जुना मेस्त्रीसुद्धा नुसत्या नजरेनं छातीठोक सांगणार नाही. तुकडा कापून, घासून मायक्रोस्कोपखाली धरला की एकात ग्रॅफाइटचे पापुद्रे दिसतात, दुसऱ्यात गोल गोळ्या. दणका बसला की पहिलं तडकतं, दुसरं सोसतं. आतड्याच्या गाठीचंही असंच असतं. साध्या रिपोर्टमध्ये दहा जणांच्या गाठी एकाच नावानं येतात, पण आतला माल वेगळा. कुणाला कोणती केमो लागू पडेल, कुणाला ती द्यायचीच नाही, कुणाच्या पोराबाळांनी सावध राहायचं, हे त्या आतल्या मालावर ठरतं.

आमच्या घरात पेशंट म्हणजे माझी आत्ती. वय सत्तरीच्या घरात, राहायला कागलकडं, अजून रोज शेतावर चक्कर मारणारी. वर्षभर हिमोग्लोबिन खाली खाली चाललं होतं आणि आम्ही लोहाच्या गोळ्या देत होतो. गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला निघाली. उजवीकडं मळ अजून पातळ असतो, त्यामुळं अडकत नाही, पोट दुखत नाही, रक्त मात्र थेंबाथेंबानं जात राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही. वयस्कर माणसाचं हिमोग्लोबिन कारण नसताना घसरत असेल तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, एवढं जाता जाता सांगतो.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ आतड्याच्या भिंतीच्या स्नायूच्या पलीकडं गेलेली, पण लसिकाग्रंथींत काही सापडलं नाही. म्हणजे दुसरा टप्पा. (ग्रंथी किती तपासल्या तो आकडा रिपोर्टवर असतो, तो १२ किंवा त्याहून जास्त असावा लागतो. कमी असेल तर विचारा.) सर्जन म्हणाले, "केमो द्यायची का नाही ते एमएमआर बघून ठरवू. ब्लॉक घेऊन जावा."

ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली प्लास्टिकची छोटी चौकोनी डबी, काड्यापेटीच्या निम्मी. इथं पेशंटला आणावं लागत नाही, रक्त द्यावं लागत नाही. ब्लॉक आणि आधीच्या रिपोर्टची झेरॉक्स, बस्स. आत्तीला तरी यायचंच होतं. "माझीच गाठ हाय न्हवं, मग मीच घेऊन येतो की," म्हणून पदराच्या टोकाला ब्लॉकची पिशवी बांधून एसटीनं आली.

आता काउंटरची गंमत. पोरगा बोलायला गोड, पण चिठ्ठी वाचायच्या आधी त्यानं छापील कागद पुढं सरकवला : 'कॅन्सर मार्कर पॅकेज'. सीईए, सीए १९-९, सीए १२५ आणि आणखी काय काय, सवलतीत. मी म्हटलं, भावा, चिठ्ठीवर हे कुठं आहे? तर म्हणे, "काका, सगळेच करतात." सगळेच करतात म्हणून आपण केलं की यांची बिलं होतात. नावात मार्कर असला तरी रक्तातल्या या मार्करांवरून गाठीचा प्रकार कळत नाही. सीईए कामाचा आहे, पण तो ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ठराविक अंतरानं बघायचा. आकडा चढायला लागला तर रोग परत आल्याची शंका घ्यायची. तो आमच्या सर्जननी आधीच करून घेतला होता. बाकीचे आत्तीला कशाला? मी पॅकेजला नाही म्हटल्यावर गोडवा थोडा कमी झाला, पावती मात्र बरोबर फाडली. चिठ्ठीवरच्या एमएमआरच्या चारही मार्करचे मिळून दहा हजारांच्या आत.

मॅडमशी भेट झाली ती मी हट्टानं मागितली म्हणून. एरवी पॅथॉलॉजिस्ट कुणाला दिसत नाहीत, आणि इथं पहिला तारा मिळाला तो यासाठी की त्यांनी आत बोलावून घेतलं. पहिला प्रश्न त्यांनी पैशाचा किंवा विम्याचा विचारला नाही. विचारलं, गाठ काढल्यावर फॉर्मालिनमध्ये कधी टाकली आणि किती वेळ ठेवली? मला काय माहीत असणार. त्यांनी तिथल्या तिथं ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलला फोन लावून विचारून घेतलं. गाठ त्यात साधारण ६ ते ७२ तास मुरायला हवी, आणि फॉर्मालिन १० टक्क्यांचं, बफर केलेलं. कमी मुरलं तर तुकडा कच्चा राहतो, फार दिवस पडून राहिला तर आतला डीएनए तुटतो आणि पुढची जनुकांची तपासणी फसते. पुढं कितीही महागडं मशीन असलं तरी इथं बिघडलेलं तिथं सुधारत नाही. आमच्याकडं चुकीच्या चार्जमधून ओतलेल्या कास्टिंगवर कितीही चांगला टूल चालवा, ते भंगारातच जातं, मॅडमना हे सांगितलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला समजावणं सोपं जाणार."

तपासणी अशी. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची नक्कल होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी काही प्रथिनं असतात. त्यातली चार बघायची : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ब्लॉकचे चार मायक्रॉनच्या आसपास जाडीचे काप काढतात आणि प्रत्येक कापावर एकेका प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. प्रथिन असेल तिथं पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तिथं निळं राहतं. ही प्रथिनं जोडीनं राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ ही टिकत नाही. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ चं तसंच. म्हणून कोणती जोडी गेली यावरून पुढची दिशा ठरते. यातलं एकही गेलं असेल तर दुरुस्तीचं खातं बंद आहे असं धरतात आणि रिपोर्टवर 'डीएमएमआर' (डी म्हणजे डेफिशियंट, कमी पडलेलं) येतं. मोठ्या आतड्याच्या सगळ्या कॅन्सरांत साधारण १५ टक्के गाठी अशा असतात. रोग लांबवर पसरलेल्यांत हे प्रमाण ४-५ टक्क्यांवर येतं, कारण या गाठी तुलनेनं कमी पसरतात.

रिपोर्ट तयार झाल्यावर मॅडमनी स्लाइड स्क्रीनवर दाखवली. हे मी विसरणार नाही. एमएलएच१ च्या स्लाइडवर गाठीच्या ग्रंथी, वेड्यावाकड्या वळ्या पडलेल्या, सगळ्या निळ्या. आणि त्या वळ्यांच्या मधल्या फटीत बारीक तपकिरी ठिपके, मोहरी सांडल्यागत. मी विचारलं, हे तपकिरी म्हणजे कॅन्सर का? म्हणाल्या, "उलटं. तपकिरी आहेत त्या तुमच्या आत्याच्या चांगल्या पेशी. लिम्फोसाइट्स. त्या तपकिरी दिसल्या म्हणजे अँटिबॉडीनं काम केलंय याची खात्री. त्या पण निळ्याच राहिल्या असत्या तर मी हा रिपोर्ट दिला नसता, परत रंगवला असता." त्यांनी दुसऱ्या, एमएसएच२ च्या स्लाइडवर नेलं : तिथं वळ्याही तपकिरी, ठिपकेही तपकिरी. चाचणी आणि चाचणीची चाचणी एकाच काचेवर. आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी शिकण्यासारखं आहे.

तर आत्तीच्या गाठीत एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही नाहीत, बाकीची जोडी शाबूत.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही घरादारावर परिणाम करणारे. पहिला केमोचा. दुसऱ्या टप्प्यात अशी गाठ असेल तर ती परत येण्याची शक्यता कमी, आणि नुसत्या फाइव्ह-एफयू जातीच्या केमोचा फायदा दिसत नाही. आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून केमो नको म्हटलं, नुसतं लक्ष ठेवायचं. सत्तरीच्या बाईची सहा महिन्यांची फरफट एका कागदानं वाचली. दहा हजारांच्या आतल्या चाचणीकडून याहून जास्त काय मागायचं!

दुसरा अर्थ नात्याचा, आणि इथंच आमची सगळ्यांची झोप उडाली. ही प्रथिनं गाठीत नसण्याचं एक कारण जन्मजात असतं. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. मोठ्या आतड्याच्या एकूण कॅन्सरांत साधारण ३ टक्के यातले. आई किंवा बापाकडं असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. असं घराणं निघालं तर विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, बायकांना गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचाही धोका. आत्तीची लेक इचलकरंजीला असते, तिचा फोन आला तो रडतच : "मीबी करून घेऊ काय रे? पोरांचं काय?" तिला काय सांगणार. माझा बाप आत्तीचाच सख्खा भाऊ, म्हणजे प्रश्न माझ्याही दारात होता.

रिपोर्टवर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. 'लॉस ऑफ न्यूक्लिअर एक्स्प्रेशन, क्लिनिकल कोरिलेशन अॅडव्हाइज्ड' (केंद्रकात प्रथिन दिसत नाही, पुढचं डॉक्टरांनी पेशंटशी जुळवून बघावं) एवढं छापून मोकळे. माझी दुसरी तक्रार ही. मॅडम तोंडी जितकं सुरेख समजावतात त्याचा दहावा हिस्सा कागदावर उतरत नाही. माझ्यासारखा हट्ट न करणारा, आजऱ्याहून, चंदगडाहून आलेला माणूस काउंटरवरनं लिफाफा घेऊन जाणार आणि गूगल करत बसणार. दोन ओळी मराठीत छापायला काय लागतं?

मॅडमनी पुढची पायरी मात्र बरोबर सांगितली, आणि दुसरा तारा तिथला. एमएलएच१ ची जोडी गेली असेल तर त्याच ब्लॉकवर बीराफ नावाच्या जनुकात व्ही६००ई हा बदल आहे का ते बघायचं. उतारवयात, उजव्या बाजूच्या गाठीत बरेचदा एमएलएच१ चं जनुक मोडलेलं नसतं, त्यावर मिथाइलचे गट बसून ते बंद पडलेलं असतं. हे त्या गाठीपुरतं घडलेलं असतं, वारशानं आलेलं नसतं. बीराफचा बदल सहसा अशाच गाठींत सापडतो. तो मिळाला की लिंच जवळपास बाद. मिळाला नाही म्हणून लिंच ठरत नाही, मग मिथिलेशनची चाचणी आणि गरज पडली तर रक्तावरची जनुक तपासणी. क्रम असा आहे, आणि क्रम पाळला तर पैसे वाचतात.

आत्तीचा बीराफ आला पॉझिटिव्ह. आयुष्यात पहिल्यांदा 'पॉझिटिव्ह' वाचून घरात पेढे वाटले. आत्ती म्हणाली, "मला ते कागद वाचून दावू नकोस. पोरांना काय न्हाई न्हवं? मग झालं."

आता जे विकलं जातं त्याविषयी. ऑपरेशननंतर एका बड्या कंपनीच्या प्रतिनिधीनं आम्हाला गाठलं होतं, कुठं ते सांगत नाही. गुळगुळीत ब्रोशर, शेकडो जनुकं एका फटक्यात, आणि रक्कम अशी की त्यात माझ्या शॉपला जुनी लेथ आली असती. मी ते ब्रोशर मॅडमपुढं ठेवलं. लॅबला त्यातनं कमिशन सुटलं असतं, पाठवायचं काम त्यांच्याकडूनच झालं असतं. त्यांनी ब्रोशर परत दिलं. "दुसऱ्या टप्प्यात याचं उत्तर आलं तरी तुमचे डॉक्टर वेगळं काही करणार नाहीत. मग विचारायचं कशाला?" तिसरा तारा.

केरास आणि एनरास या जनुकांच्या चाचण्यांचंही तेच. त्या आत्तीला करायला लावल्या नाहीत. शेजारच्या पॅटर्नशॉपमधल्या एकाला मात्र लावल्या आणि ते योग्यच होतं, कारण त्याची गाठ डाव्या बाजूची आणि यकृतात पसरलेली. अशा वेळी सेटुक्सिमॅब किंवा पॅनिट्युम्युमॅब ही इंजेक्शनं द्यायची का हे ठरवायचं असतं. केरास किंवा एनरासमध्ये बदल असेल तर ती लागू पडत नाहीत. पैसाही जातो आणि अंगावर पुरळ येऊन कातडी सोलते ती वेगळीच. केरासचा बदल साधारण ४० टक्के लोकांत सापडतो, म्हणजे चाचणी न करता इंजेक्शन देणं म्हणजे जवळजवळ नाणेफेक. बघून घ्या : रिपोर्टवर फक्त 'कोडॉन १२, १३' (जनुकातल्या दोनच जागा) असेल तर तो जुन्या पद्धतीचा अर्धा रिपोर्ट. दोन्ही जनुकांचे एक्सॉन (जनुकाचे भाग) २, ३, ४ लिहिलेले पाहिजेत. त्या मित्राला जी१२डी हा केरासमधला बदल निघाला, इंजेक्शन टळलं, दुसरी औषधं सुरू झाली.

पण त्याच्याच वेळी लॅबचा ढिसाळपणा कळला. ही जनुकांची तपासणी इथं होत नाही, ब्लॉक बाहेरगावी जातो. जायला हरकत नाही, पण पावती फाडताना ते सांगायला नको? आठवडा झाला, रिपोर्ट नाही, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". कुठल्या प्रोसेसमध्ये, कुरिअरच्या? शेवटी आला तेव्हा त्यावर तुकड्यात गाठीच्या पेशी किती टक्के होत्या ते लिहिलेलंच नव्हतं. तो आकडा लागतो, कारण चांगल्या पेशींचीच गर्दी असेल तर बदल असूनही मशीनला सापडत नाही आणि 'निगेटिव्ह' छापून येतं. मागितल्यावर सुधारित रिपोर्ट दिला. मागितल्यावर.

भिंतीवर एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट लावलेलं आहे, आयएसओ १५१८९ चं. आमच्या स्पेक्ट्रो टेस्टिंगच्या लॅबना १७०२५ चं असतं, त्यामुळं मला सवय आहे : सर्टिफिकेट बघून खूश व्हायचं नाही, स्कोप, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांची यादी, बघायचा. रक्ताच्या चाचण्यांना मान्यता असते आणि नेमकी आपल्याला हवी ती चाचणी यादीत नसते. इथं आयएचसी स्कोपमध्ये आहे. काउंटरवर यादी मागितली तर तोंड वाकडं करतात, पण देतात.

चौथा तारा पोरीच्या प्रश्नामुळं. आत्तीची नात शिवाजी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी शिकते. तिनं मॅडमना गाठून विचारलं की आजी सीएमएस १ मध्ये बसते का. मला वाटलं, झालं, आता नवीन बिल. मॅडमना मात्र असा प्रश्न विचारणारं कुणी भेटल्याचा आनंद झाला असावा, चहा मागवला. प्रकार असा की जगभरात सहा वेगवेगळ्या गटांनी जनुकांच्या हालचालीवरून या कॅन्सरच्या आपापल्या वर्गवाऱ्या केल्या होत्या. कुणाचे तीन प्रकार, कुणाचे सहा. २०१५ मध्ये सगळ्यांनी डेटा एकत्र करून चार प्रकारांवर एकमत केलं, तेच सीएमएस १ ते ४. पहिला, प्रतिकारशक्तीच्या पेशींनी भरलेला आणि दुरुस्ती बंद पडलेला, १४ टक्के. दुसरा पारंपरिक वळणाचा, ३७ टक्के. तिसरा, पेशीच्या चयापचयाच्या गडबडीचा, १३ टक्के. चौथा, आजूबाजूचा तंतुमय भाग वाढवत पसरणारा, २३ टक्के, आणि याच्या पेशंटचे दिवस सगळ्यांत अवघड. उरलेले १३ टक्के कशातच नीट बसत नाहीत. पोरगी वहीत लिहून घेत होती. मग मॅडम म्हणाल्या, "आजी बहुतेक पहिल्यात. पण हे आरएनएवरून ठरवतात, संशोधनाचं काम आहे. यावरून रोजच्या ओपीडीत औषध ठरत नाही, म्हणून मी ते विकत नाही." दुकानदार स्वतःहून नको म्हणतो, अशी दुकानं कोल्हापुरात किती राहिलीत?

एक गोष्ट अजून. डीएमएमआरचा कागद आज कामाचा होता तसा उद्याही आहे. अशा गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध, चालते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं पेम्ब्रोलिझुमॅबला, अवयव कुठलाही असो, याच मार्करवर मंजुरी दिली, आणि २०२० पासून आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरात ते पहिल्याच फेरीला देता येतं. लाखांचं औषध आहे, देव करो नि लागू नये. पण लागलंच तर डॉक्टर पहिला हाच कागद मागणार. लॅमिनेट करू नका, शिक्का पुसट होतो. झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

जाणाऱ्यांसाठी : गाडी लावायला जागा नाही, दोन गल्ल्या मागं लावून चालत या. जिना अरुंद, लिफ्ट असून बंद. मॅडम दुपारनंतर भेटतात, काउंटरवरचा पोरगा "त्या कुणाला भेटत नाहीत" म्हणेल, तिथंच बसून राहा. पॅकेजला नाही म्हणा. जनुकांची तपासणी असेल तर पावतीवरच लिहून घ्या : कुठं जाणार, कधी येणार, एक्सॉन कोणते. आणि काम झालं की ब्लॉक परत मागा. आमचा मागायला गेलो तर आधी "शोधतो" झालं, मग "उद्या या" झालं. त्यामुळं ब्लॉक देतानाच अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर सही-शिक्का मारून घ्या आणि ब्लॉकवरचा नंबर त्यावर टाकून घ्या.